उम्म हुमैदचं फिरतं दार

उम्म हुमैद आमच्या मजल्यावर राहायला आली, त्याच दिवशी आगीची घंटा वाजली. आग कुठेच नव्हती. नव्या घरात पाऊल टाकायचं म्हणून बाईने ऊद जाळला होता, आणि तोही अबू हेल या जुन्या वस्तीतल्या आपल्या घराच्या मापाने, जिथे अंगणाला छप्पर म्हणून आभाळ होतं. एकतिसाव्या मजल्याच्या छताला एवढ्या पाहुणचाराची सवय नव्हती. त्याने बोंब ठोकली. आठही दारं एकदम उघडली आणि वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं पहिल्यांदाच एकमेकांना पायजम्यात भेटली.

धुराच्या ढगातून बाई बाहेर आली. ठेंगणी, गोल, सत्तरी गाठलेली. अंगावर काळा अबाया, नाकावर सोनेरी झाक मारणारा जुन्या पद्धतीचा मुखवटा, एका हातात कॉफीची पितळी सुरई आणि दुसऱ्या हातात छोट्या पेल्यांची चवड.

"वा! सगळे आलात!" ती म्हणाली. "अबू हेलमध्येसुद्धा शेजारी इतक्या चपळाईने येत नाहीत. बसा, बसा."

बसायला काही नव्हतंच, म्हणून आम्ही जमिनीवर बसलो. समोरच्या दारातला मारेक हा पोलंडचा माणूस, कुठल्याशा कंपनीत साहेब. पुरे झालं की पेला हलवायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हलवेना आणि ती थांबेना. दोघंही सभ्य. शेवटी मीच त्याचं मनगट धरून हलवलं, तेव्हा बिचारा सुटला. त्या रात्री तो झोपला नाही, असं त्याने मला दुसऱ्या दिवशी कौतुकाने सांगितलं.

ती इथे का आली, याची गोष्ट सोपी आहे. तिचा मुलगा हुमैद पुलांचा इंजिनिअर. त्याने आमच्या या इमारतीत, बुर्ज अल-याकूतमध्ये, फ्लॅट घेतला. एकदा आई पाहणीला आली आणि तिने स्वयंपाकघराचं कपाट उघडलं. आत झटपट शेवयांची पाकिटं. दुसरं कपाट उघडलं, तिथेही पाकिटं. तिने तिसरं उघडलं नाही. अबू हेलचं घर थोरल्या मुलीच्या, मैथाच्या, हवाली केलं आणि आपण बोचकी घेऊन इथे आली. हुमैद पस्तिशी ओलांडून अजून बिनलग्नाचा, त्यावर तिचं एक वेगळं भाषण आहे. ते ती लिफ्टमध्ये करते, कारण तिथून हुमैदला पळता येत नाही.

जुन्या पिढीतली बाई काचेच्या बुर्जात कोमेजून जाईल, असं आम्हाला वाटलं होतं. छे! तिला हे शहर म्हणजे एखाद्या पहिलवान नातवासारखं कौतुकाचं. तिचा जन्म खजुरीच्या झावळ्यांच्या खोपटातला, बाप मासेमार, प्यायचं पाणी गाढवावरून यायचं. तीच बाई सकाळी खिडकीशी उभी राहून क्रेनची हजेरी घेते.

"ए शेजाऱ्या, ये, बघ! ती पिवळी काल डावीकडे होती. रात्रीत एक मजला चढवला मेल्यांनी!"

"खाला, तुम्हाला जुन्याची आठवण येत नाही?" मी एकदा विचारलं.

"येते की. पण वाढत्या अंगाचं पोर आहे रे हे. दर ईदला पायजमा आखूड होतो. म्हणून काय पोराला उपाशी ठेवायचं? पायजमा नवा शिवायचा!" मग जरा थांबून म्हणाली, "फक्त पोराला घरचं वळण पाहिजे. तेवढं आपण बघायचं."

हे वळण लावायला ती रोज असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर कॉरिडॉरमध्ये चटई टाकून बसायची. घराचं दार सताड उघडं. अबू हेलची सवय, दिवसा दार लावलं तर लोक विचारायचे की घरात कोण आजारी आहे? इमारतीच्या मॅनेजरने कागद पाठवला की कॉरिडॉरमध्ये बसू नये. तिने तो हुमैदकडून वाचून घेतला, अक्षराची तारीफ केली आणि फरशीवर डाग नको म्हणून सुरईखाली ठेवला.

रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला तशी तिच्या बोलण्याला धार आली. या महिन्याच्या मध्यावर आमच्याकडे हक्क अल-लैला. पोरं नवे झगमगीत कपडे घालतात, गळ्यात कापडी पिशव्या अडकवतात आणि गल्लीत दारोदार गात फिरतात. दारातली बाई मुठी भरभरून दाणे, बदाम, टॉफ्या पिशवीत ओतते. त्या संध्याकाळी जिच्या दारात पोरं आली नाहीत, ती बाई वर्षभर मान खाली घालून चालते. निदान उम्म हुमैदचं तरी असंच मत.

मैथाने फोन केला तो स्पीकरवर. उम्म हुमैदचे सगळे फोन स्पीकरवरच असतात, कारण त्यात शेजाऱ्यांनाही भाग घेता येतो.

"युम्मा, हक्क अल-लैलाला इकडेच ये. गाडी पाठवते. अख्खी गल्ली विचारतेय तुला."

"का म्हणून? मला दार नाही?"

"आहे गं, पण ते आकाशात आहे. तिथे काय कबुतरं येणार गात?"

माझ्याकडे बघून उम्म हुमैद जे बोलली, ते ऐकून हुमैदचा रंग उडाला. "मैथा, ऐक. या दारात पोरं येतील. गात येतील. नाही आली, तर हे घर नव्हे, सामान ठेवायची खोली आहे असं मी समजेन. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाठव. बोचकी बांधून तुझ्याकडे येईन ती कायमची."

"शब्द?"

"शब्द!"

फोन ठेवल्यावर हुमैद म्हणाला, "युम्मा, अगं मला विचारायचंस तरी."

"तुला काय विचारायचं? तू शेवया खा."

पण त्याचं तोंड पाहून मला कळलं की पोरगं खरंच धास्तावलंय. आई आल्यापासून तो संध्याकाळी वेळेवर घरी येत होता. पुलांची माणसं वेळेवर घरी येत नसतात, त्यांना तसं कारण लागतं.

मग सुरू झाली तयारी. आम्ही तिघं देराच्या बाजारात गेलो. ती प्रत्येक पोत्यात हात कोपरापर्यंत घालून दाणे बघायची, एक दाणा खायची, दुकानदाराच्या आजोबांची चौकशी करायची आणि मग भावावर यायची. भुईमूग, फुटाणे, बदाम, अक्रोड, सुके अंजीर, रंगीत टॉफ्या. घरी आल्यावर सगळं खजुरीच्या पानांच्या भल्यामोठ्या टोपलीत एकत्र कालवलं. डबे, रिबिनी, नाव छापलेल्या पुड्या वगैरे हुमैदने सुचवून पाहिलं. "मूठ कशाला आहे मग?" एवढंच ती म्हणाली.

बोलावणं तिने स्वतः केलं. रोज तासभर लॉबीत सोफ्यावर बसायची आणि जे मूल दिसेल त्याला पकडायची. आमचा पहारेकरी गुलजमान, पेशावरचा पठाण, मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक लिंबू राहील, तो दुभाष्या. मूल कुठल्याही देशाचं असो, गुलजमान त्याला खणखणीत पश्तूत समजावायचा आणि मूल मान डोलवायचं. मिशांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

तो दिवस उगवला. असर झाली. उम्म हुमैदने हिरवा जरीचा झगा घातला, हाताला ताजी मेंदी. लुगैमातचं, म्हणजे तळून पाकात घालायच्या गोळ्यांचं, पीठ भिजवलेलं, तेल तापायला तयार. ऊद या खेपेला चिमूटभर. दार सताड उघडं, चटईवर टोपली, टोपलीमागे ती. आम्ही दोघं डाव्या-उजव्या हाताला, दरबारात उभे असल्यासारखे.

कॉरिडॉर रिकामा.

मग बराच वेळ रिकामा. मारेकचं दार उघडलं, तो लॅपटॉपची बॅग घेऊन निघाला होता. आम्ही तिघांनी इतक्या आशेने वर पाहिलं की तो ओशाळून "सॉरी" म्हणाला.

"येतील," ती म्हणाली. "नवे कपडे घालायला वेळ लागतो."

एवढ्यात मैथाचा फोन. मागून अबू हेलच्या पोरांचा असा गलका की फोन थरथरत होता. "युम्मा, किती आली?"

"रांग लागलीये!" उम्म हुमैद म्हणाली आणि फोन बंद करून हुमैदकडे वळली. तिचे डोळे मुखवट्याआडून दिसत होते तेवढे पुरेसे होते. "बघ रे जाऊन खाली. काहीतरी झालंय."

जायची गरज पडली नाही. गुलजमानचाच फोन आला, तोही ओरडत. "साहेब, इथे दंगल आहे! लॉबीत पोरं, प्रत्येक मजल्यावर पोरं! सगळी एकतीस नंबरचं बटण दाबतायत आणि लिफ्ट ऐकत नाही!"

हुमैदने कपाळावर हात मारला. मीही मारला. आमच्या बुर्जात लिफ्टला कार्ड लावावं लागतं, आणि ज्याचं कार्ड त्याचाच मजला. चौदाव्याचं मूल चौदाव्यावर जाईल नाहीतर लॉबीत. जिन्याची दारंही बाहेरून उघडत नाहीत. दोन आठवडे आमंत्रणं चालली होती आणि त्या इमारतीत वर्षानुवर्षं कार्ड टेकवणाऱ्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! बाई तर गल्लीच्या हिशेबाने बोलावत होती, पण तिच्या उत्साहात आम्हीही गल्लीतच राहायला गेलो होतो.

"सगळे मजले उघडणारं कार्ड?" हुमैदने फोनवर विचारलं.

"मॅनेजरसाहेबांकडे. ते गेलेत अबू धाबीला, मेव्हण्याच्या लग्नाला."

"मग टोपली खाली लॉबीत नेऊ. तिथेच वाट, युम्मा."

उम्म हुमैद ताडकन उभी राहिली. "लॉबी काय माझं दार आहे? रस्त्यात वाटतात तो दानधर्म. हा हक्क आहे पोरांचा, दारात येऊन मागायचा!"

"अगं पण त्यांना दारापर्यंत येताच येत नाही!"

कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट होती. मारेक तिथे उभा होता. टिंग करून लिफ्ट आली, दोन पल्ले बाजूला सरकले, आत उजेड. उम्म हुमैद त्या पल्ल्यांकडे बघत राहिली.

"शेजाऱ्या," ती हळूच म्हणाली, "याला काय म्हणतात?"

"लिफ्ट, खाला."

"उघडतं काय ते?"

"दार."

"मग?" आणि एकदम टाळी वाजवून, "स्टूल आण! हुमैद, टोपली उचल! ए पोलंडवाल्या, धरून ठेव ते दार, सोडू नकोस!"

मारेकला एक शब्द कळला नाही, पण त्याने दार धरलं. पुढच्या मिनिटाला उम्म हुमैद लिफ्टच्या मधोमध स्टुलावर बसलेली, मांडीशी टोपली, पायाखाली चटई. हुमैद उजवीकडे, मी डावीकडे. मारेक आपला कोपऱ्यात, दाण्यांचं जादा पोतं छातीशी धरून, कारण ते ठेवायला जागा उरली नव्हती.

आता आम्हाला कुठलं बटण दाबायची गरजच नव्हती. प्रत्येक मजल्यावर पोरं बटणं दाबतच होती. लिफ्ट खाली सुटली आणि सव्विसाव्यावर थांबली. पल्ले सरकले. समोर तीन पोरं, केरळातल्या डॉक्टरीणबाईंची, जरीच्या टोप्या घालून. त्यांनी आत बघितलं. सोनेरी मुखवटा, टोपली, पोतंधारी साहेब.

"आ वासून काय बघता?" उम्म हुमैद गरजली. "दार उघडलंय ना? गा!"

आणि पोरं गायली! मोठं सुरात, मधलं बेसूर, धाकटं नुसतंच ओरडलं. तिने दोन्ही मुठी भरून पिशव्यांत ओतल्या. "अल्लाह तुम्हाला ताडासारखं वाढवो! या धाकट्याला जास्त, याचा आवाज मोठा आहे."

पल्ले मिटले. बाईने मांडीवर थाप मारली. "आली! आली की नाही? चल गं बये!" हे लिफ्टला उद्देशून.

त्यानंतर जे चाललं, त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही, ती मिरवणूक होती, फक्त उभी. बाविसाव्यावर सीरियन जुळ्या मुली. एकोणिसाव्यावर कुणाला गाणंच येत नव्हतं, तर त्यांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. "चालेल," उम्म हुमैद म्हणाली, "कुणाचा तरी असेलच आज." चौदाव्यावर नर्स मारिसेल, तिची चार मुलं आणि मनिलाहून आलेली म्हातारी आई. म्हातारीने स्वतःच्या गळ्यात पिशवी अडकवली होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहून इतक्या हसल्या की पल्ले दोनदा मिटायला आले आणि दोनदा मारेकने पाय घातला.

इमारतीत लिफ्ट तीन, त्यामुळे पोरांना जुगाराची गोडी लागली. कुठल्या दारातून आजी निघणार? शेजारचं दार उघडून पिझ्झावाला बाहेर आला, तर पोरांनी "आजी नाही! आजी नाही!" म्हणून त्याची हुर्यो उडवली. आमचं उघडलं की असा जल्लोष व्हायचा की खालच्या मजल्यावरची पोरं आधीच उड्या मारायला लागायची.

"मारेक, तुमची मीटिंग होती ना?" मी विचारलं.

"होती," तो म्हणाला आणि पोत्यातून टोपलीत ओंजळ टाकली. "तुम्ही बदाम कमी देताय. बदाम खाली बसतात. ढवळायला हवं." आणि टायची गाठ सैल करून तो ढवळायला लागला.

मैथाचा फोन सारखा येत होता, पण लिफ्ट हलली की तुटायचा. "युम्मा, कुठे आहेस?" "दारात!" तुटला. "कसला आवाज येतोय?" "पोरं!" तुटला. "किती आ..." तुटला.

नवव्या मजल्यावर एक सुदानी मुलगी एकटीच उभी होती. सहासात वर्षांची, नाव तस्नीम, वेण्यांना लाल मणी. ती स्वच्छ गायली, पिशवी भरून घेतली, पण बाजूला झाली नाही.

"अजून हवंय, राणी?"

"नको. तुमचं घर कुठे आहे?"

"एकतिसाव्यावर."

"मग तुम्ही इथे का राहता?"

हुमैद हसला. उम्म हुमैद हसली नाही. इतका वेळ चढलेला तिचा आवाज खाली आला. "अगं, माझ्या घरी कुणाला येता येत नाही. लिफ्ट नेत नाही."

"तुम्हाला नेते?"

"मला नेते."

"मग मला घेऊन चला ना."

आम्हा तिघा पुरुषांच्या गळ्यात पट्ट्या होत्या. त्या तिन्ही पट्ट्यांना तीन कार्डं लोंबत होती, आणि तिन्ही एकतिसाव्या मजल्याची. एक पूल बांधणारा, एक कंपनी चालवणारा, एक मी. रोज ते कार्ड टेकवून आम्ही घरी जात होतो. कुणाला घरी न्यायलाही ते चालतं, हे एकालाही सुचलं नव्हतं.

उम्म हुमैदने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चढ!" ती तस्नीमला म्हणाली. "मैत्रिणी आहेत? त्यांनाही हाक मार!"

हाक कॉरिडॉरभर गेली. दारं उघडली, पोरं धावली, लिफ्ट भरली आणि किंचाळायला लागली. वजन जास्त झालं होतं.

"कुणीतरी उतरा," हुमैद म्हणाला.

"तूच उतर! तू, शेजारी आणि तो पोलंडवाला. तुम्ही जड आहात. आणि कार्ड ठेवा इथे!"

आम्ही उतरलो. टोपली आणि पोतं आत राहिलं. दुसऱ्या लिफ्टने लॉबीत गेलो, तर तिथे गुलजमानने पोरांची रांग लावलेली, उंचीप्रमाणे. तोपर्यंत कार्डांचा कारभार मारिसेलने हातात घेतला होता. एक कार्ड तिच्याकडे, एक डॉक्टरीणबाईंकडे, एक मनिलाच्या म्हातारीकडे. तिन्ही लिफ्ट भरून एकतिसाव्यावर जात होत्या आणि रिकाम्या परत येत होत्या.

शेवटी आम्हालाही कुणीतरी वर नेलं. पल्ले सरकले आणि मी माझा मजला ओळखला नाही. कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरांनी भरलेला. झगे, जरी, मणी, टोप्या, फुग्यासारखे फुगलेले गाल. आणि उम्म हुमैदचं दार बंद!

आल्यापासून पहिल्यांदा तिने ते दार दिवसाउजेडी लावलं होतं. आतून आवाज आला, "ठोका की! फुकट उघडत नसते मी!"

पोरांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. गाणं उठलं. आता सगळ्यांनाच येत होतं, वर येता येता एकमेकांकडून शिकली होती. निम्म्यांचे शब्द चुकीचे, सूर मात्र असा की काचा झिणझिणल्या. दार धाडकन उघडलं आणि उंबऱ्यात उम्म हुमैद, हिरव्या झग्यात, दोन्ही मुठी भरलेल्या. तिने मुठी उघडल्या. गलका झाला. तिने परत दार लावलं. "पुढची रांग! ठोका!"

टोपलीचा तळ दिसायला लागला तेव्हा तिने कढई चढवली. मुखवटा वर सारून, घाम पुसत, ती लुगैमात तळत होती आणि हुमैद त्यांवर खजुराचा पाक ओतत होता, पुलाचं काम असल्यासारखं गंभीरपणे. समोरच्या दारातून मारेकने चॉकलेटचा डबा आणला. आमच्या मजल्यावरची उरलेली दारंही एकेक करून उघडली. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटं. एका घरातली वयस्क बाई पंचतारांकित हॉटेलच्या साबणाच्या वड्या घेऊन आली. घरात वाटण्याजोगं दुसरं काही नव्हतं, म्हणाली. पोरांनी त्याही घेतल्या.

एवढ्यात फोन वाजला. हुमैदने पाकाच्या बोटाने स्पीकर लावला.

"युम्मा! मघापासून लावतेय! खरं सांग आता, किती आली? अगं नसली आली तर लाजायचं काय त्यात. गाडी पाठवू का सकाळी?"

हुमैदचा झारा हवेतच थांबला.

"गाडी राहू दे," उम्म हुमैद म्हणाली. "तुझी पोरं पाठव उद्या. लुगैमातचं पीठ उरलंय."

"म्हणजे?"

बाहेर पुढच्या खेपेने दार बडवायला सुरुवात केली. बाईने मुखवटा खाली ओढला, झगा सारखा केला आणि हात झाडले.

"म्हणजे ठेव फोन, मैथा. दारात पोरं उभी आहेत."